४० खुर्च्या आणि ७१ फोन: अभ्यासिकेच्या वायफायला मायक्रोटिक हेक्स लावला, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी नेटवर्कवाला माणूस नाही. जुळे सोलापुरात आमची छोटी अभ्यासिका आहे, ४० खुर्च्या, वर पत्रा, खाली पीओपी, दोन कूलर आणि १०० एमबीपीएसचं फायबर. पोरं-पोरी एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती असलं करतात, सकाळी सहाला दार उघडतो आणि रात्री अकराला लावतो. मायक्रोटिक हेक्स ह्या राऊटरचा हा रिव्ह्यू लिहायचं कारण म्हणजे माझ्यासारखे अभ्यासिकावाले, लॉजवाले, चहाच्या हॉटेलवाले सोलापुरात लय आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, वायफाय चालंना.

तर झालं असं की आमच्याकडं पाच वर्षं एकच पासवर्ड होता, फळ्यावर खडूनं लिहिलेला. दर महिन्याला बदलायचो. बदलला की दोन दिवस नेट पळायचं, तिसऱ्या दिवशी परत तेच, व्हिडिओ गोल गोल फिरतोय. एकदा मार्चात रात्री आठला सहज नेटवाल्याच्या डब्याच्या पानावर जाऊन बघितलं तर एका वेळी ७१ डिव्हाईस जोडलेले. आत माणसं ३२. लॅपटॉप धरले तरी पंचेचाळीसच्या वर जायला नको. बाहेर येऊन बघतो तर भिंतीला लागून तीन रिक्षा उभ्या, आत सीटवर पाय वर करून मंडळी मॅच बघतायत, समोरच्या टपरीवर दोघं, आणि मागच्या बिल्डिंगच्या गॅलरीत एक काका, त्यांनी मला बघून हात पण केला. पोरांनी पासवर्ड वाटला म्हणून त्यांना तरी काय बोलणार, आजकालच्या फोनात क्यूआर दाखवला की पासवर्ड सांगायची पण गरज नाही, दुसऱ्यानं स्कॅन केला की झाला आत.

हा डबा घ्यायच्या आधी मी लॉगिनच्या पानाचं एक ऑनलाइन वर्गणीवालं पण वापरून बघितलं होतं, नाव लिहीत नाही. दर महिन्याला पैसे, आणि नेट पाच मिनिटं गेलं की त्यांचं लॉगिनचं पान पण गायब, कारण पानच त्यांच्या सर्व्हरवर. तीन महिन्यांत सोडलं. तेव्हाच ठरवलं की लॉगिनची सगळी भानगड आपल्या डब्यातच पाहिजे.

मग मेव्हण्यानं हे मायक्रोटिक सांगितलं, तो अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. कंपनी लाटव्हिया देशातली, रिगा शहरातली, १९९६ पासूनची. मी घेतला तो हेक्स, मॉडेल आरबी७५०जीआर३. हातात घेतला तेव्हा वाटलं फसलो, खेळण्यातल्या गाडीएवढा डबा. पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम, दोन कोअरचा ८८० मेगाहर्ट्झ प्रोसेसर, आणि नीट वाचा, ह्याच्यात वायफाय नाही! अँटेना नाही, काही नाही. मला साडेपाच हजारांच्या आतबाहेर पडला. वायफायला घरातलेच दोन जुने राऊटर वापरले, त्यांचं डीएचसीपी, म्हणजे फोनांना पत्ते वाटायचं काम, बंद करून एक हॉलमध्ये आणि एक मुलींच्या खोलीत लावला, केबल लॅन पोर्टला. म्हणजे ते नुसते लहरी सोडतात, दरवान हेक्स.

हॉटस्पॉट, म्हणजे नेट द्यायच्या आधी लॉगिनचं पान दाखवणारी डब्यातली सोय, चालू करणं खरं सोपं आहे. विनबॉक्स नावाचं त्यांचंच छोटं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्यायचं, त्यात आयपी, मग हॉटस्पॉट, मग हॉटस्पॉट सेटअप, आणि नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं. कुठल्या इंटरफेसवर, पत्ते किती वाटायचे, डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) कुठला, पहिला युजर कोण, एवढंच विचारतं. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला त्यानं मलाच लॉगिन मागितलं आणि मी माझ्याच अभ्यासिकेच्या बाहेर! लॅपटॉपचा पत्ता आयपी बायंडिंगमध्ये बायपास करून ठेवा आधी, म्हणजे त्याला लॉगिन विचारत नाही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि प्रिंटर पण तिथंच टाका, नाहीतर प्रिंटर बिचारा कुठून लॉगिन करणार.

आणि माझा सगळ्यात येडेपणा ऐका. हॉटस्पॉट चालू केला, कूपनं म्हणजे लॉगिनच्या चिठ्ठ्या छापल्या, पोरांना ऐटीत वाटल्या, आणि आठवडाभर कोणीच लॉगिन करेना तरी सगळ्यांचं नेट मस्त चालू. मला वाटलं पोरं हॅकर झाली. शेवटी एका पोरीनंच सांगितलं, "सर, ते जुनं नाव अजून दिसतंय की." नेटवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायचं मी विसरलो होतो. पुढच्या दाराला कुलूप, परसदार सताड उघडं.

आता खरा मुद्दा, कोणाला किती द्यायचं. ह्याच्यात युजर प्रोफाईल म्हणून प्रकार असतो, ते एकदा नीट बसवलं की पुढचं सोपं. मी तीन केलेत. एक विद्यार्थी, त्याला एका वेळी एकच फोन, खाली यायला ३ एमबीपीएस आणि वर जायला १ एमबीपीएस. दुसरा लॅपटॉपवाला, त्याला दोन डिव्हाईस. तिसरा पाहुणा, एका तासाचा, पोराला सोडायला आलेले वडील-बिडील बसले तर त्यांना. सेटिंगचं नाव शेअर्ड युजर्स, तिथं १ लिहिलं की एका कूपनवर एकच माणूस. दुसऱ्यानं तेच कूपन टाकलं की इंग्रजीत मेसेज यायचा की अजून सेशन देता येत नाही, पोरांना वाटायचं नेट बंद पडलं आणि माझ्याकडं यायची. मग कळलं की हे मेसेज एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात आणि आपल्याला बदलता येतात. मी तिथं लिहिलं, "हे कूपन आत्ता दुसऱ्या फोनवर चालू आहे. मित्राला विचार." तेव्हापासून माझ्याकडं येणं बंद, भांडणं आपापसात. लॉगिनचं पान पण साधं एचटीएमएल आहे, मी पूर्ण मराठीत केलं, वर अभ्यासिकेचं नाव आणि खाली मोटर चालू करायच्या वेळा, कारण आमच्याकडं पाणी रोज येत नाही आणि टाकी भरली का हे पण त्याच पानावर लिहितो. पोरं नेटपेक्षा त्यासाठीच पान बघतात.

स्पीडच्या बाबतीत दोन ठिकाणी मी आपटलो ते सांगतो म्हणजे तुम्ही आपटणार नाही. पहिलं, रेट लिमिट लिहिताना आधीचा आकडा राऊटरच्या बाजूनं धरायचा. राऊटरला जे येतं ते आधी, म्हणजे पोराचं अपलोड आधी आणि डाऊनलोड नंतर. मी ३एम/१एम लिहिलं, म्हणजे अपलोड ३ आणि डाऊनलोड १. पोरं म्हणायला लागली सर आधीचंच बरं होतं. ते उलटं केलं तर दुसरंच, काही जण बिनदिक्कत चाळीस-चाळीस एमबीनं टेलिग्रामवरची लेक्चरं ओढतायत, लिमिट लागतच नाही. दोन रात्री गेल्या माझ्या त्यात. कारण निघालं फास्टट्रॅक. डब्यात आधीपासून जे फायरवॉल येतं त्यात फास्टट्रॅकचा एक नियम असतो, त्यानं चालू कनेक्शनं रांगेला बगल देऊन पळतात, म्हणजे आपण लावलेली मर्यादा त्यांना लागूच होत नाही. तो नियम बंद केला आणि पुढच्या मिनिटाला सगळे ३ वर. प्रोसेसरवर थोडा लोड वाढतो पण १०० एमबीपीएसच्या लाईनला हा डबा घामही गाळत नाही, संध्याकाळी गर्दीत पण कधी निम्म्याच्या वर गेलेला बघितला नाही मी.

मग ते ३० दिवसांचं. महिन्याची फी तर महिन्याचं कूपन, सरळ हिशोब. लिमिट अपटाईम नावाची जागा दिसली, तिथं ३० दिवस लिहिले आणि निवांत झालो. महिना झाला तरी कोणाचंच संपेना! एकाची फी तर दोन महिन्यांची थकलेली आणि नेट जोरात. तेव्हा नीट वाचलं, अपटाईम म्हणजे प्रत्यक्ष जोडलेला वेळ मोजतो, कॅलेंडर नाही. ३० दिवस म्हणजे ७२० तास. पोरगं रोज सहा तास बसत असेल तर त्याचं कूपन १२० दिवस चालणार, माझ्याच फीत चार महिने. तारखेप्रमाणे बंद करायचं असेल तर पहिल्या लॉगिनला स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालवून मुदत टाकावी लागते. मला स्क्रिप्ट लिहिता येत नाही, मी मिखमॉन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, इंडोनेशियातल्या लोकांनी बनवलेलं, तिकडं गल्लोगल्ली असल्या कूपनांवर वायफाय चालतं म्हणे. ते कूपनं पण छापतं आणि मुदतीची स्क्रिप्ट पण आपोआप लावतं. एका ए-फोर कागदावर मावतील तेवढी छापतो, कात्रीनं कापतो, शेंगा चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवलीत, झाकण लावून.

एकावेळी किती जण चालतील असं बरेच विचारतात. ह्या डब्याला लेव्हल ४ चं लायसन आतच येतं, त्यावर हॉटस्पॉटचे २०० जण एकाच वेळी चालतात. युजर मॅनेजर म्हणून त्यांचा अजून एक मोठा प्रकार आहे, पण लेव्हल ४ ला तिथं एकावेळी २० च सेशन, आणि डब्याची आतली जागा मुळात १६ एमबी, त्यामुळं मी त्या वाटेला गेलोच नाही. आपल्यासारख्याला हॉटस्पॉटमधली साधी युजरांची यादी पुरते.

आता पोरांची कारागिरी. एकजण सतत काहीतरी भलतं डाऊनलोड करत होता, मी त्याच्या फोनचा मॅक ॲड्रेस (वायफायचा ओळख नंबर) ब्लॉक केला, छाती फुगवून घरी गेलो जेवायला. कडक भाकरीचा दुसरा तुकडा मोडायच्या आत मेव्हण्याचा मेसेज, त्याला लांबून विनबॉक्स दिसतं, "तुझा तो परत आला बघ." अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक ॲड्रेस दाखवतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन एक बटण फिरवलं की खरा दाखवतो, म्हणजे आपल्या लेखी दुसराच फोन. तेव्हा मॅकवर कोणाला अडवायच्या किंवा ओळखायच्या नादाला लागू नका. कूपनच बंद करायचं. युजर डिसेबल केला आणि ॲक्टिव्हच्या यादीतून त्याला वजा केला, कुकीच्या यादीतून पण, कारण मॅक कुकी चालू असेल तर तीन दिवस फोन न विचारता आत येतो. ही कुकी तशी चांगली आहे, पोरांना रोज कूपन टाकावं लागत नाही, फक्त कोणाला काढायचं असेल तेव्हा तिची आठवण ठेवा. त्या पोराला मग समोर बसवून बोललो, म्हटलं काय बे, नेट कशाला देतोय मी. आता तोच मला नवीन पोरांचे फोन जोडून देतो.

लॅपटॉपवरून परत हॉटस्पॉट काढून चार जणांना वाटणारे पण आहेत. त्यावर टीटीएल, म्हणजे पॅकेट किती राऊटर ओलांडेल तो आकडा, १ करायचा जुगाड आहे, फायरवॉलच्या मँगलमध्ये एक ओळ टाकली की लॅपटॉपच्या पुढं पॅकेट जातच नाही. मी केलं होतं, मग काढून टाकलं. ३ एमबीमध्येच वाटतायत ना, वाटू देत.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लॉगिनचं पान न येण्यानं. फोन जोडला की वर "साइन इन करा" अशी पट्टी येते, ती फोन स्वतः एक ठरलेला पत्ता उघडून बघतो म्हणून येते. पण जाहिराती बंद करायला पोरांनी फोनात प्रायव्हेट डीएनएस टाकलेलं असतं, किंवा व्हीपीएन चालू, मग पट्टी येत नाही, नुसतं "इंटरनेट नाही". आणि कोणी थेट एखादी एचटीटीपीएस साईट उघडायला गेलं तर ब्राऊझर धोक्याची लाल पाटी दाखवतो, ती पोरगी घाबरून माझ्याकडं, सर हॅक झालं का? काही हॅक नाही, राऊटर मध्ये पडून आपलं पान दाखवायला जातो आणि ब्राऊझर त्याला पकडतो, म्हणजे ब्राऊझर बरोबर आणि आपण चूक. आता फळ्यावर जिथं पासवर्ड होता तिथं लिहिलंय, "पान आलं नाही तर प्रायव्हेट डीएनएस ऑटोवर करा आणि १०.५.५०.१ टाका." तो पत्ता हॉटस्पॉटचा नेहमीचा असतो, मी बदलला नाही. एमपीएससीची आणि आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची साईट वॉल्ड गार्डन नावाच्या सूट दिलेल्या साईटांच्या यादीत टाकून लॉगिनशिवाय उघडी ठेवलीय, निकालाच्या दिवशी कोणाचं कूपन संपलं म्हणून रडारड नको.

सुरक्षेचं एक. हॉटस्पॉट म्हणजे लॉगिन असलं तरी हवेतलं वायफाय उघडंच असतं, कूपनानं एन्क्रिप्शन होत नाही. म्हणून मी वायफायला साधा पासवर्ड पण ठेवलाय, तो फळ्यावरच आहे, लपवलेला नाही, आणि आत गेल्यावर कूपन. दोन्ही राऊटरांत एपी आयसोलेशन चालू केलं म्हणजे एकाच राऊटरवर ह्याच्या फोनातून त्याच्या फोनात डोकावता येत नाही. आणि ॲडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, विनबॉक्स बाहेरच्या इंटरनेटवरून उघडं ठेवू नका. २०१८ मध्ये विनबॉक्समधली एक चूक सापडली होती, कंपनीनं अपडेट दिलं, पण ज्यांनी टाकलं नाही त्यांचे राऊटर दुसऱ्याच्या कामाला जुंपले गेले. मेव्हणा लांबून बघतो तो व्हीपीएनमधून येतो, सरळ नाही.

कायद्याचं बरेच जण विचारत नाहीत, विचारायला पाहिजे. दूरसंचार खात्यानं २००९ सालीच सांगितलंय की सार्वजनिक वायफाय देताना माणसाची ओळख पाहिजे, ओळखपत्राची प्रत नाहीतर मोबाईलवर पाठवलेला पासवर्ड. उद्या कोणी तुमच्या लाईनवरून कोणाला धमकीचा मेल केला तर पोलीस नाव विचारणार तुम्हाला, रिक्षावाल्याला नाही. ओटीपीचा मी विचार केला होता, पण एसएमएस पाठवायला डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची यंत्रणा) नोंदणी, टेम्प्लेटची मंजुरी, ४० खुर्च्यांसाठी कोण करणार. आमच्याकडं प्रवेशाच्या फॉर्मला ओळखपत्र जोडलेलंच असतं, म्हणून कूपनाचा नंबर मी त्या फॉर्मवरच लिहितो, लाल पेननं. पाहुण्याचं नाव-मोबाईल वहीत. पण बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन नेट विकायचं असेल तर असं घरगुती करू नका, त्यासाठी पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केलेली, दुकानदाराला त्यात लायसन लागत नाही, फक्त त्यांच्या एखाद्या पीडीओए (अशा दुकानांना एकत्र जोडणारी) कंपनीशी जोडून घ्यावं लागतं आणि लॉगिन-पैशाचं ती बघते.

कोण कधी आत होता हे डब्यात लॉगमध्ये येतं, पण तो लॉग मेमरीत असतो, लाईट गेली की पुसला. आणि लाईट तर आपल्याकडं जातेच. मी लॉग दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर पाठवतो. डब्यात घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळं लाईट आल्यावर नेट यायच्या आधीच्या ओळींवर १९७० सालची तारीख पडते, पहिल्यांदा बघून मी मेव्हण्याला फोन केला होता की हे काय भूत. मिनिटाभरात वेळ इंटरनेटवरून येते, घाबरू नका. ह्यावर चांगली गोष्ट म्हणजे हा ८ ते ३० व्होल्टवर चालतो, सोबत २४ व्होल्टचा ॲडॉप्टर येतो पण बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस सरळ चालतो. तो लावल्यापासून कूलर बंद, पंखा बंद, पोरं घामानं निथळतायत पण नेट चालू.

मग घ्यावा का? चार-पाच टेबलांचं हॉटेल असेल तर नका घेऊ, एवढी उठाठेव कशाला, साध्या राऊटरचं गेस्ट नेटवर्क लावा आणि दर सोमवारी पासवर्ड बदला. अभ्यासिका, हॉस्टेल, लॉज, मंगल कार्यालय असेल आणि घरात एकजण तरी रात्री जागून वाचणारा असेल तर घ्या, ह्या पैशात एवढं काम करणारं मला तरी दुसरं सापडलं नाही. ज्याला मोबाईल ॲपमध्ये दोन बटणं दाबून सगळं पाहिजे त्यानं मेव्हणा आधी शोधावा. माझ्याकडं आता संध्याकाळी आठला ३८-४० डिव्हाईस असतात, खुर्च्यांएवढे, लाईन तीच १०० ची, पैसे तेवढेच, आणि व्हिडिओ फिरत नाही. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो माझ्या त्या दोन रात्रींचा.

परवा रात्री कुलूप लावत होतो तर भिंतीजवळ रिक्षा उभी, नेहमीचाच, शाळेत माझ्याच वर्गात होता. म्हणला, "काय बे, नवीन पासवर्ड काय ठेवलास?" म्हटलं, पासवर्ड फळ्यावरच आहे, पण आता कूपन लागतंय. तर म्हणतो, "मग कूपनच दे की बे."